पट्टी सुटल्यानंतर

हिंदी-मराठी चित्रपट पाहत वाढलेल्या कुणालाही तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. इस्पितळातली खोली, खाटेवर उशीला टेकून बसलेली नायिका, डोळ्यांवर पांढरी पट्टी, भोवती घरची माणसे. डॉक्टर पट्टीचे एकेक वेटोळे सोडवतात, शेवटचा कापूस उचलतात आणि हळूहळू डोळे उघडायला सांगतात. पडदा आधी धूसर होतो, मग आकृत्या स्पष्ट होतात आणि नायिका समोरच्या माणसांना एकेक करून ओळखू लागते. आईला आई म्हणून, आणि जन्मात कधी न पाहिलेल्या प्रियकराला प्रियकर म्हणून. पार्श्वसंगीत चढते. प्रेक्षक डोळे पुसतात.

या प्रसंगाबद्दल लिहावे असे मला फार वर्षे वाटत होते. त्याचे कारण चित्रपटाबाहेरचे आहे.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीला जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड-अंधार तिला कळे, त्यापलीकडे फारसे काही नाही. हा आजार शस्त्रक्रियेने बरा होतो हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. जेव्हा कळले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची झाली होती. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढायच्या वेळी आम्ही सातआठ जण खाटेभोवती उभे होतो. पेढ्यांचा पुडा माझ्याच हातात होता. पट्टी निघाली. डॉक्टरांनी विचारले, "समोर कोण आहे?" समोर तिची आई होती. मुलीचे डोळे भिरभिरत राहिले, कुठेच ठरेनात. शेवटी आईलाच राहवले नाही आणि तिने हाक मारली. तेव्हा मुलगी आवाजाच्या दिशेने वळली, तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी आईचा चेहरा चाचपला.

पेढे कुणी वाटले नाहीत. ऑपरेशन फसले असे घरात धरून चालले. खरे तर ते फसले नव्हते. पुढे जाड भिंगांचा चष्मा आला, दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टर दर खेपेला प्रगती चांगली आहे असे सांगत. तरीही मुलगी जिना उतरताना डोळे मिटून घेई, ताटातला पदार्थ बोट लावल्याशिवाय ओळखत नसे. आई चालत आली तर ती ओळखे, पण कोपऱ्यात निवडत बसलेली आई तिला सापडत नसे. घरातले प्रत्येक माणूस तिला एक वाक्य ऐकवी. मीही ऐकवले आहे. "आता दिसतंय ना गं तुला? मग हात कशाला लावतेस?"

हे वाक्य आम्हाला कुणी शिकवले, या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळाले. ते आम्हाला चित्रपटगृहात शिकवले गेले होते.

२

मी मराठीचा अध्यापक. मानसशास्त्राशी माझे नाते निव्वळ वाचकाचे. म्हणून सुरुवात भाषेपासून करतो. डोळ्यांच्या व्यवहाराला मराठीत दोन क्रियापदे आहेत. 'मला दिसते' आणि 'मी पाहतो'. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता नाही; ऊन लागावे, थंडी वाजावी तसे त्याला काहीतरी दिसते. दुसऱ्यात तो कर्ता आहे, काही करतो आहे. कानाचेही तसेच: 'मला ऐकू येते' आणि 'मी ऐकतो'. व्याकरणाने राखलेला हा फरक आपण बोलताना सहज पाळतो आणि विचार करताना तितक्याच सहज विसरतो.

मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके संवेदन आणि अवबोध अशी विभागणी करतात. डोळ्याच्या पडद्यावर उजेड पडणे, तिथून मज्जातंतूंवाटे मेंदूकडे संदेश जाणे, हे संवेदन. त्या संदेशातून 'ही वाटी, हा जिना, ही आई' असा अर्थ उभा राहणे, हा अवबोध. ही विभागणी आपल्या परंपरेला नवी नाही. नैयायिकांनी प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार मानले. समोर काहीतरी आहे इतकेच पहिल्यात असते. नाव, जात, गुण यांसह 'ही गाय आहे' असे ज्ञान दुसऱ्यात होते. बौद्ध तार्किक दिङ्नाग तर कल्पनेचा स्पर्श न झालेले ज्ञान तेवढेच प्रत्यक्ष असे म्हणून थांबला. पुढचे सारे त्याच्या मते मनाची भर. यांच्यातला वाद मोठा आहे, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे: डोळ्याला भेटणे आणि ओळखणे या दोहोंत अंतर आहे.

पट्टीचा प्रसंग हे अंतर तीन सेकंदांच्या धूसर पडद्यात मिटवून टाकतो.

३

त्या अंतराची लांबी मोजण्याचा प्रश्न डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली जॉन लॉक यांना पत्राने विचारला. मॉलिन्यू यांची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती, म्हणजे प्रश्न केवळ तर्काच्या हौसेतून आलेला नसावा. प्रश्न असा: जन्मांध माणूस एकाच धातूचा घन आणि गोल हाताने ओळखायला शिकला आहे. त्याला अचानक दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता नुसत्या नजरेने कोणता घन आणि कोणता गोल हे तो सांगू शकेल का? मॉलिन्यू यांचे उत्तर 'नाही' होते. लॉक यांनी ते मान्य केले आणि आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न घातला. लाइब्निट्सला ते पटले नाही. समोर ठेवलेल्यांत एक घन आणि एक गोल आहे हे आधी सांगितले, तर माणूस बुद्धीने ताडू शकेल, असे त्याचे म्हणणे.

१७२८ साली लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पाहिलेल्या सगळ्या वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्या आहेत असे त्या मुलाला आरंभी वाटे. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे तो पुनःपुन्हा विसरे. विचारायची लाज वाटू लागल्यावर त्याने एकदा मांजर धरले, ते हाताने चाचपले, टक लावून पाहिले आणि आता पुढच्या वेळी तुला ओळखीन, अशा अर्थाचे काही बोलून सोडून दिले. चित्रे म्हणजे वस्तूंच्या प्रतिमा असतात हे कळायला त्याला सुमारे दोन महिने लागले. कळल्यावर तो आणखी गोंधळला. चित्राला हात लावावा तर सपाट! खोटे कोण बोलते, डोळा की हात, असे त्याने विचारले. मांजर चाचपणाऱ्या त्या मुलाबद्दल मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले.

विसाव्या शतकातली सर्वांत बारकाईने नोंदलेली हकिगत रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी १९६३ साली छापली. 'एस. बी.' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा इंग्लंडमधला गृहस्थ दहा महिन्यांचा असताना दृष्टी गमावून बसला होता. बावन्नाव्या वर्षी, १९५८च्या डिसेंबरात आणि १९५९च्या जानेवारीत, त्याच्या डोळ्यांवर पारपटलाचे रोपण झाले. त्याला भिंतीवरचे घड्याळ लगेच वाचता आले, कारण काचेविना घड्याळाचे काटे चाचपून वेळ सांगायची त्याला सवय होती. इंग्रजी मोठी अक्षरे वाचता आली, कारण अंधशाळेत ती उठावाने शिकवली होती. लहान लिपी शिकवली नव्हती, ती वाचता आली नाही. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याला एक लेथ दाखवले. यंत्राची त्याला मोठी आवड, पण समोर असून ते त्याला उलगडेना. मग काचेची पेटी उघडून हात लावू दिला. त्याने डोळे मिटून साऱ्या यंत्रावरून हात फिरवला, मागे सरकला, डोळे उघडले आणि म्हणाला की आता हात लावला, आता दिसते आहे.

त्याचे पुढे काय झाले हे सांगायलाच हवे. अंध असताना हा माणूस काठी घेऊन बेधडक रस्ता ओलांडायचा. दृष्टी आल्यावर वाहनांना घाबरू लागला. उडालेला रंग, डाग, मळकेपणा यांनी त्याचे मन उदास होई. संध्याकाळी तो पुष्कळदा दिवा न लावता बसून राही. १९६० साली तो वारला. अंध म्हणून त्याने जे मिळवले होते त्याचे कौतुक होत असे. डोळस म्हणून तो एक सामान्य, मागे पडलेला विद्यार्थी झाला.

एका माणसाच्या हकिगतीवरून नियम काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर आपल्याच देशातून आले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेचे पवन सिन्हा यांनी उभारलेल्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये उत्तर भारतातील जन्मांध मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात आणि पालकांच्या संमतीने त्यांच्या दृष्टीचा अभ्यासही होतो. २०११ साली या गटाने आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत मुलांना खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. हाताने चाचपलेला आकार पुन्हा हातानेच ओळखण्यात मुले ९८ टक्के बरोबर आली. पाहिलेला आकार पुन्हा पाहून ओळखण्यात ९२ टक्के. म्हणजे डोळे काम करत होते. पण हाताने चाचपलेला आकार नजरेने ओळखायला सांगितल्यावर प्रमाण ५८ टक्क्यांवर आले. दोनांतून एक निवडायचा असताना हे छापा-काट्यापेक्षा फारसे वेगळे नाही. मॉलिन्यू यांचे 'नाही' खरे ठरले. त्यातली उमेद ही, की ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली त्यांचे हे प्रमाण थोड्याच दिवसांत झपाट्याने सुधारले.

याच गटाच्या आणखी एका अभ्यासाने मला कोपऱ्यात बसलेल्या आईचे कोडे सुटले. एकमेकांवर चढलेला चौकोन आणि वर्तुळ चित्रात दाखवले तर नव्याने पाहणारे त्याचे तीन तुकडे मोजतात. पण त्यांतला एक आकार हलू लागला की दोन्ही वस्तू झटकन वेगळ्या होतात. चालणारी आई पार्श्वभूमीपासून सुटी होत होती. बसलेली आई भिंत, पाट आणि भाजी यांच्या तुकड्यांत मिसळून गेली होती.

मात्र सगळेच शिकावे लागते असेही नाही. या गटाने २०१५ साली दाखवले की शस्त्रक्रियेनंतर लगेचच ही मुले काही दृष्टिभ्रमांना आपल्यासारखीच फसतात. सारख्या लांबीच्या दोन रेषा त्यांनाही लहानमोठ्या दिसतात. मेंदू काही तयारी जन्मतःच घेऊन येतो. पण आई ओळखणे त्या तयारीत नसते.

४

आता चित्रपटांकडे वळतो. कुणी म्हणेल, सिनेमा म्हणजे काही नेत्रविज्ञानाचे पुस्तक नव्हे. मला हे मान्य आहे. विज्ञानाच्या चुकीसाठी कलाकृतीला नापास करण्याची टीका मला स्वतःला रुचत नाही. शिवाय न्याय करायचा तर एक फरक आधी नोंदला पाहिजे. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये साईबाबांच्या मूर्तीतून निघालेल्या ज्योतींनी निरुपा रॉय यांना दृष्टी येते आणि त्या आल्या आल्या पाहू लागतात. यावर हसणे सोपे आहे. पण ती आई तीन मुलगे होईपर्यंत डोळस होती. तिचे पाहणे शिकून झालेले होते. दृष्टी परत येण्याचा चमत्कार मनमोहन देसाईंना माफ केला की पुढचे जवळजवळ पटण्याजोगे आहे. माझा आक्षेप जन्मांध नायिकांच्या पट्टीबद्दल आहे, आणि तो विज्ञानापेक्षा कलेच्या अंगाने आहे.

त्या प्रसंगात कॅमेरा कुठे असतो ते पाहावे. क्षणभर तो नायिकेच्या डोळ्यांत शिरतो, आणि तिथून दिसतात ती आपली, डोळसांची, उत्सुक तोंडे. प्रसंगाचा खरा विषय तिचे पाहणे हा नसतो. तिने आपल्याला ओळखावे ही आपली इच्छा हा त्याचा विषय असतो. म्हणून तिच्या वाट्याला काही काम ठेवलेले नसते. दृष्टी हे बक्षीस, देणारे डॉक्टर किंवा देव, आणि घेणाऱ्याने लगोलग आनंद दाखवून पोच द्यायची. ज्या पात्राला काही शिकायचे नाही, चुकायचे नाही, कशाला मुकायचे नाही, ते पात्र म्हणून उरतच नाही. आमच्या खाटेभोवती उभे असलेल्या आम्हा सातआठ जणांना तीच पोच हवी होती.

चॅप्लिनने हे ओळखले असावे. 'सिटी लाइट्स' (१९३१) मध्ये अंध फुलवालीची शस्त्रक्रिया तो पडद्यावर दाखवतच नाही. आपल्याला ती एकदम डोळस, स्वतःच्या दुकानात उभी दिसते. भटक्या समोर येतो तेव्हा ती त्याला पाहते, आणि ओळखत नाही. हसते. कीव येऊन त्याला फूल आणि नाणे देऊ करते. नाणे देताना त्याचा हात तिच्या हातात येतो, आणि तिथे तिला कळते. ओळख हाताला होते. डोळ्यांना ती नंतर मानून घ्यावी लागते, आणि ते सोपे नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसते. प्रयोगशाळेतल्या आकड्यांपूर्वी ऐंशी वर्षे हा प्रसंग चित्रित झाला. फुलवाली जन्मांध होती की नव्हती याची तिथे विचारपूसही करावीशी वाटत नाही, इतका तो पात्राच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे.

ऑलिव्हर सॅक्स यांनी १९९३ साली व्हर्जिल नावाने ओळख करून दिलेल्या रुग्णाची हकिगत लिहिली. पट्टी निघाल्यावर या पन्नाशीच्या गृहस्थाला उजेड, रंग आणि हालचाल यांचा अर्थहीन गलबला दिसला. त्यातून डॉक्टरांचा आवाज आला तेव्हा हा गलबला म्हणजे चेहरा असावा हे त्याने ताडले. या लेखाचे ऋण मान्य करून ब्रायन फ्रील यांनी 'मॉली स्वीनी' हे नाटक लिहिले. १९९४ साली ते डब्लिनमध्येच रंगमंचावर आले, म्हणजे मॉलिन्यू यांचा प्रश्न तीनशे वर्षांनी त्यांच्याच गावी परतला. नाटकात मॉली, तिचा उत्साही नवरा आणि डॉक्टर ही तीनच पात्रे आपापली बाजू आळीपाळीने प्रेक्षकांना सांगतात. एकमेकांशी बोलत नाहीत. मॉली अंधपणी पोहते, नाचते, फुले हाताने ओळखते. दृष्टी हवी असते ती इतर दोघांना. ती आल्यावर मॉली दोन्ही जगांतून निखळते आणि मनोरुग्णालयात पोचते. रचनाच इथे आशय सांगते. तिघांनी एकमेकांशी न बोलणे हीच या शोकांतिकेची जागा आहे.

आपल्याकडे या प्रसंगाला सर्वांत समंजस नकार दिला तो सई परांजपे यांनी. 'स्पर्श' (१९८०) हा त्यांचा हिंदी चित्रपट अंधशाळेच्या अंध मुख्याध्यापकाची गोष्ट सांगतो. वाट चुकलेला अनिरुद्ध गाण्याच्या आवाजामागे जाऊन कविताच्या दाराशी पोचतो, पुढे तिला आवाजावरून ओळखतो. पूर्ण चित्रपटात शस्त्रक्रियेने काही सुटत नाही, कारण सुटायचे आहे ते मदत आणि दया यांच्यातले गणित. अंधाचे जग अपुरे आहे या गृहीतकालाच तिथे थारा नाही.

आणि 'श्वास' (२००४). संदीप सावंत यांच्या या मराठी चित्रपटात पट्टीचा प्रसंग जणू उलटा करून ठेवला आहे. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर नेऊन जग दाखवतात. अनेक समीक्षकांनी या भागाला भावविवश म्हटले तर मी समजू शकतो. मला तो वेगळा वाटतो. परशा पाहायला शिकलेला मुलगा आहे. आजोबा त्याला दृश्ये देत आहेत असे दिसते, पण पाहण्याचे काम परशा स्वतः करतो आहे, आणि ते डोळ्यांबरोबर जाणार नाही. इथे पोच कुणी मागत नाही. आजोबांना आपण ओळखले जावे अशी घाई नाही.

या चारही कलाकृतींत, त्या एकमेकांपासून इतक्या दूर असूनही, एक गोष्ट समान आहे. पाहणे किंवा न पाहणे हे ज्याचे त्याचे काम म्हणून त्यांनी पात्राच्या हातात ठेवले आहे. पट्टीच्या प्रसंगाने ते काढून घेतले, म्हणून तो खोटा वाटतो. नेत्रविज्ञान त्या खोटेपणाचा पुरावा देते इतकेच.

५

माझी भाची आता चाळिशीला आली आहे. जाड भिंगे आहेत, बुबुळे अजून पूर्ण स्थिर नाहीत, छापील मजकूर ती नाकाशी धरून वाचते. घर सांभाळते, एकटी बसने फिरते. मेथीची जुडी निवडताना मात्र टीव्हीकडे तोंड असते आणि बोटे आपले काम करत असतात.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी तिच्याकडे गेलो. तिला 'सिटी लाइट्स'चा शेवट दाखवला. ती पडद्याशी अगदी जवळ बसली होती. "हात धरल्यावर कळलं तिला," ती म्हणाली, जणू त्यात सांगण्यासारखे विशेष काही नव्हते. मग मी तिला ते जुने वाक्य आठवते का, असे विचारले. मीही ते म्हटले होते हे सांगितले.

"सगळेच म्हणायचे रे मामा," ती म्हणाली. "तू तरी एकदाच म्हणालास."

एकदाच नव्हते. पण तिने तसे मोजले होते, आणि मी दुरुस्ती केली नाही.